पुराआड अडलेली फटफटी

भामरागड, श्रावण १९५६

सौ. रंभास पुराच्या या काठावरून पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे. नदी चढली, रस्ता बंद झाला, पण तांदूळ-मीठ भरपूर आहे. आपल्या कमळीचे दिवस भरत आले. पाय अजून सुजतात का तिचे? पहिलं बाळंतपण आहे, सुईणीले आधीच सांगून ठेव.

फटफटी तयार आहे. रोज प्लग पुसतो, साखळीला तेल देतो आणि डेपोच्या आवारात सागाच्या थप्प्यांभोवती फिरवतो. तेवढा वेळ जीव हलका होतो. मग फाटक येतं अन् वळावं लागतं.

काल डोंगेवाल्या जंगूला म्हटलं, "दोन डोंगे जोडून बांध, गाडी अन् मी पलीकडे उतरतो."

तो हसला. "भाऊ, हे लोखंडाची भैंस पोहत नाई, अन् तू बी नाई."

"मग डाक कशी नेतो?"

"मले पोहता येते. कागद बुडला तं दुसरा लिहिशील. तुले कुठून आनू?"

म्हणून माझ्याऐवजी हे पत्र येत आहे. थोरांना दंडवत. कमळीले मात्र सांग, बाबा निघाले.

गुणवंत