पिनेवरचा ठिपका

नांदेड,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. गुरुपादकाकांस,
दामिनीचा शि. सा. नमस्कार आणि शरणार्थ. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, तेव्हा पुन्हा कागद घेऊन बसले आहे. गाड्यांचे डिझेल पंप तपासायच्या बेंचच्या घरघरीत चाळीस वर्षांत कान घालवले, आता निदान यंत्र तरी लावा, असं रेणुकाकाकूंचं म्हणणं आहे. त्यांचं बोलणं ऐकू येत नाही म्हणूनच तुम्ही लावत नसाल, असा मला दाट संशय आहे.

सोबत एसटी पार्सलनं एक डबी पाठवते आहे. आत कापसात तीन पिना आहेत, तिन्हींना दोरे बांधलेत. पांढऱ्या दोऱ्याची कंपनीची, जुनी. हिरव्या दोऱ्याची मी इथल्या बाजारातून आणली. लाल दोऱ्याची आहे ती कंधारच्या रामलिंगमामांच्या ट्रकमधली. ऑगस्टमध्ये अप्पांनी पंप करून दिला आणि आठ दिवसांत ज्या ट्रकचं इंजिन जळालं, तोच ट्रक. ती अप्पांच्या खणात पिवळ्या पाकिटात मिळाली. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-गाव काही नाही, अप्पांच्या अक्षरात फक्त ‘रामलिंग’ लिहिलेलं आहे.

मी पंप शिकते आहे याचं तुम्हाला हसू येईल, तरी समजलं तेवढं लिहिते. पंपाच्या डोक्यावरचं झाकण काढलं की रबरी पडदा, आणि पडद्याला लटकलेली ही बोटाच्या पेराएवढी पिन. पिनेची एक बाजू उथळ घासलेली, दुसरी खोल. टर्बोची हवा पडदा दाबते, पिन खाली जाते, आणि जी बाजू समोर असेल तेवढं डिझेल इंजिनाला मिळतं. खोल बाजू समोर आली तर गाडी चढावर पळते, काळा धूर सोडते आणि एक दिवस पिस्टन वितळतो. चुकलं असेल तर कान धरा.

काका, स्पष्टच लिहिते. त्या दिवशी तुम्ही लातूरहून आलात आणि रामलिंगमामांसमोर, चार ड्रायव्हरांसमोर स्वतःच्या थोरल्या भावाबद्दल म्हणालात की अण्णाचा हात गेलाय, पुढच्या वेळी गाडी माझ्याकडं आणा. तेव्हापासून दुकानाचं शटर खाली आहे. अप्पा सकाळी पिशवी घेऊन बसस्टँडवर जातात आणि संध्याकाळी धुळीनं माखून येतात. कुठं गेला होता विचारलं तर फिरून आलो म्हणतात. आईला वाटतं त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला एवढंच कळायला हवं आहे की चूक अप्पांच्या हाताची होती का पिनेची. तुमच्याएवढं बारीक तपासणारं दुसरं कोणी मला माहीत नाही, म्हणून रागावलेली असूनही तुम्हालाच विचारते.

काकूंना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या, बोलणी खायची तयारी आहे.

आपली,
दामिनी

—

लातूर,
ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनी हिस,
काकाचे अनेक उ. आ.

डबी पोचली. तुझं पंपाचं वर्णन वाचून तुझ्या काकूला म्हणालो की पोरगी आता माझ्या पोटावर पाय देणार. हे वाक्य मी पत्र वाचलं तेव्हा म्हणालो होतो. त्यानंतर हसण्यासारखं काही घडलेलं नाही.

एकच पंप बेंचवर चढवला, एकच पडदा ठेवला आणि तिन्ही पिना पाळीपाळीनं घातल्या. पांढरीनं काचेच्या नळ्यांत डिझेल जसं यायला हवं तसंच दिलं, झिजली आहे म्हणून किंचित कमी. हिरवी ठीक आहे, पण लोखंड मऊ आहे, वर्षभरात खड्डा पडेल. कोणाला बसवू नकोस. मग लाल घेतली. आपल्या आबांनी आम्हा दोघा भावांना लहानपणी शिकवलं होतं की पिनेच्या माथ्यावरचा ठिपका इंजिनाकडं करायचा, म्हणजे उथळ बाजू समोर येते, बाकी काही बघायचं नाही. तसाच ठिपका इंजिनाकडं केला. नळ्या भरून वर वाहू लागल्या. मला वाटलं बेंच बिघडला. दोनदा, तीनदा तेच.

पिन काढून भिंगाखाली धरली. पोरी, ठिपका उलट्या बाजूला आहे. बनवणाऱ्यानं खोल बाजूच्या डोक्यावर ठिपका मारलाय. चाळीस वर्षं आम्ही ठिपका बघत आलो, पिन कधी बघितलीच नाही. अण्णाचा हात बरोबर होता. आबांनी सांगितलं तसाच चालला होता.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. आता पुढचं लिहितो, कारण नाही लिहिलं तर मला तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही. ते पिवळं पाकीट मी ओळखतो. तसली माझ्या कपाटात अजून आहेत. एक फिरता विक्रेता देऊन गेला होता, धातू कडक आहे म्हणून मी खूश होतो. श्रावणात त्यातली एक मी अण्णाला पाठवली, सोबत बढाईचं पत्र, की पाच गाड्यांना बसवल्या, औशाच्या दोन, निलंगा, उदगीर आणि धर्माबादची मिरचीची गाडी, तूही वापरून बघ. अण्णानं ती रामलिंगाला बसवली. म्हणजे इंजिन जाळणारी पिन माझी, आणि ज्याचा हात गेला म्हणून मी चारचौघांत सांगितलं तो माणूस माझा भाऊ. काकूनं दोनदा विचारलं काय झालं, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

त्या पाचही गाड्यांत तसाच ठिपका इंजिनाकडं आहे. कुठल्याही चढावर कुठलीही जळू शकते. उद्यापासून एकेक गाठून पिन फिरवतो. तोवर अण्णाला काही सांगू नकोस, मी स्वतः येऊन सांगेन.

या काकावर माया उरली असेल तर तेवढी जपून ठेव.

गुरुपादप्पा

—

नांदेड,
ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी बसस्टँडवरच्या बाकावर उघडलं आणि शेजारच्या बाईंनी पाणी दिलं, एवढंच आठवतं. तीन महिने माझे वडील गल्लीतून मान खाली घालून चालले आणि कारण लातूरच्या कपाटात पाकिटात घालून ठेवलेलं होतं. मला तुमचा भयंकर राग आला आहे. तुम्ही सगळं लिहून टाकलंत म्हणून थोडा कमी आला आहे.

अप्पांना सांगितलं नाही, पण आईला सांगितलं. आई उठली आणि अप्पांच्या सदऱ्यांचे खिसे तपासायला लागली. एसटीची तिकिटं निघाली. निलंगा. उदगीर. औसा तर दोन वेळा. तिथं आपलं कोणी नाही. पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर आणि पुसायचं फडकं असतं, बाकी काही नाही. आई म्हणते की डोक्यावर परिणाम झालेला माणूस असाच गावोगाव भटकतो, आता डॉक्टरला दाखवायलाच हवं. मला आईसारखं वाटत नाही, पण मग काय वाटतं तेही सांगता येत नाही.

तुम्ही या. पण नुसतं घरात येऊन रडू नका. रामलिंगमामांना बोलवा, ते चार ड्रायव्हर बोलवा, आणि ज्या आवाजात तेव्हा बोललात त्याच आवाजात सांगा. तुमचा आवाज तसाही मोठा आहे.

रागाखाली माया आहे, ती तुम्हीच शोधून घ्या.

दामिनी

—

लातूर,
ता. १७ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनी हिस,
अनेक उ. आ.

जसं घडलं तसं लिहितो. पहिल्यांदा औशाला गेलो. गाडी बाजार समितीसमोर उभी होती. झाकणाचे चार स्क्रू काढले, पडदा उचलला आणि तसाच थांबलो. पिन अगोदरच फिरवलेली होती. उथळ बाजू समोर. मला वाटलं मीच फिरवून विसरलो. मग झाकण उलटं केलं.

तुला ठाऊक आहे, आपल्या घरात जो पंप उघडतो तो झाकणाच्या आत खिळ्यानं आपली खूण ओढतो. माझी खूण गोल. अण्णाची विभूतीसारख्या तीन आडव्या रेघा. त्या झाकणात माझा गोल होता, आणि त्याच्याखाली ताज्या, चकाकत्या तीन रेघा.

मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. ड्रायव्हरनं कानाशी येऊन मोठ्यानं सांगितलं की तुमचे भाऊ येऊन गेले, तुम्हीच पाठवलं होतं ना, फुकट तपासणी म्हणून, मी मागंच तुम्हाला धन्यवाद दिले होते. दिले असतील. मी मान हलवली असेल.

दुसरी औशाची, तिथंही तीन रेघा. निलंग्याला तीन रेघा. उदगीरला ड्रायव्हर म्हणाला की म्हातारबाबा दिवसभर गाडीची वाट बघत स्टँडवर बसून होते. ज्याचा हात गेला म्हणालो त्या हाताची खूण मी चार ठिकाणी बघितली. एकाही ठिकाणी रेघ थरथरलेली नाही. वहिनींना सांग, डॉक्टर नको. डॉक्टरची गरज असेल तर मला आहे.

माझी पत्राची पंचाईत झाली आहे. अण्णाला काय लिहायचं ते सुचत नाही. हे पत्र तूच त्याला वाचून दाखव. पाचवी, धर्माबादची गाडी अजून सापडलेली नाही.

मायेला पात्र नाही, तरी मागतो.

गुरुपादप्पा

—

नांदेड,
ता. २० नोव्हेंबर २०२४

चि. गुरुपादप्पा यास,
मलप्पाअण्णाचे अनेक उ. आ.

दामिनीनं तुझी पत्रं वाचून दाखवली. मध्येच रडली, म्हणून अर्धी मीच वाचली. तुझ्या वहिनीनं, उमाबाईनं, माझी तिकिटं माझ्यासमोर आपटली आणि विचारलं की एवढं फिरलात तर एकदा तोंड उघडायला काय झालं होतं. तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो.

तू रामलिंगासमोर बोललास तेव्हा ती पिन माझ्या मुठीत होती. नुकतीच काढली होती आणि ठिपका उलटा आहे हे मला कळलं होतं. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण तुझ्या पत्रातल्या पाच गाड्या आठवल्या. चारचौघांत सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत लातूरभर झालं असतं की गुरुपादप्पाच्या पिना इंजिनं जाळतात, आणि तू शटर ओढून बसला असतास. तुझा स्वभाव मला माहीत आहे, माझाच आहे. एका घरातलं एक शटर खाली गेलं तेवढं पुरे होतं. नंतर एकट्यात तुला सांगता आलं असतं, हेही खरं. पण मला राग आला होता, गुरुपाद. फार राग आला होता. गाड्या वाचवल्या त्या तुझ्यासाठी, आणि गप्प राहिलो ते माझ्यासाठी. त्यात माझं चुकलं. गाडीवाल्यांच्या जिवाशी गाठ होती, तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

धर्माबादच्या गाडीचा मालक तीन महिने परराज्यात भाडं मारत होता. परवा त्याचा पत्ता लागला. तो रविवारी मिरची भरायला धर्माबादला येतो आहे. रिकामी आण, सावकाश आण, असं त्याला बजावलं आहे.

तू शनिवारी ये. रामलिंगाला दामिनीनं बोलावलं आहे, त्याच्यासमोर काय बोलायचं ते तुझं तू बघ. रविवारी आपण तिघं धर्माबादला जाऊ. झाकण दामिनी उघडेल, ठिपका न बघता पिन बघून बसवायला तिला मी शिकवलं आहे. आत माझ्या तीन रेघा नकोत आणि तुझा गोलही नको. तिची खूण काय असावी ते तिलाच ठरवू दे.

कानाचं यंत्र लावून ये. सकाळी शटर मी वर ओढणार आहे, त्याचा आवाज तुला ऐकू यायला हवा.

तुझा,
अण्णा