दोन फ्रेम मागे

शनिवार, ७ फेब्रुवारी

बेचाळीस मिनिटं! आमचा टीव्हीवरचा फुटबॉलचा कार्यक्रम, जाहिराती वगळून बेचाळीस. त्यातली एकोणतीस पंचांवर. मोबाइलवर घड्याळ लावून मोजली. उरलेल्या तेरातली चार कोचच्या जाकिटावर.

आणि एकोणतीसातली अकरा एकट्या तिच्यावर.

सामना एक–शून्य. गोल झाला तेव्हा रेषेवरची पंच ती होती, झेंडा खाली. म्हणजे तिच्या मते ऑफसाइड नाही, गोल करणारा गडी शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे नव्हता. झालं! कप्तान उठला. माजी आहे, पण सगळे अजून कप्तानच म्हणतात, त्यालाही तेच आवडतं. मोठ्या पडद्यावर मी थांबवून पाठवलेलं चित्र. त्यावर त्याने बोटाने लाल रेघ ओढली. पुढच्या गड्याचा अख्खा पाय रेघेपलीकडे. "एवढं दिसत नाही? एवढं?" मग हसून, "झेंडा जड झाला असेल बाईंना." निवेदक खो-खो हसला.

गोलकीपर एकटा हसला नाही. हा दुसरा तज्ज्ञ, पासष्टीचा, उभा जन्म गोलात काढलेला. म्हणाला, "अहो, पण गोल झाला कसा ते बघा ना. बचावातला डावा बॅक होता कुठे?"

"त्यावर येऊच," निवेदक म्हणाला.

आले नाहीत. कधीच येत नाहीत! उंटावरून शेळ्या हाकतात नुसते. पळता पळता दोन माणसं आणि एक चेंडू एकाच वेळी बघायचा असतो तिला, तोही एकदाच. हे खुर्चीत बसून सोळा वेळा बघतात.

मी आत, क्लिपा कापायच्या खोलीत. हेडफोन आपटला. प्रोड्यूसर बाई मागे न बघताच म्हणाल्या, "तो ऑफिसचा आहे. स्वतःचं काहीतरी आपट."

रविवार, ८ फेब्रुवारी

बाबा सकाळी जेवायला बसताना — "कालची ती झेंडेवाली आंधळी आहे का रे? ये म्हणावं दुकानात. फुकट नंबर काढून देतो."

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. जगातल्या सगळ्या अडचणी त्यांच्या मते नंबर चुकल्यामुळे होतात. एरवी हसतो मी या विनोदाला. आज तिडीक गेली डोक्यात.

"तुम्ही उभे राहिलाय कधी रेषेवर?"

"तू बसलायस कधी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला?"

आई म्हणाली, "दोघंही आधी जेवा." मी ताटावरून उठलो. जिना उतरल्यावर लक्षात आलं, जायला कुठे ठिकाणच नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. ताट झाकून ठेवलं होतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तिला 'विश्रांती' दिली! पंच नेमणाऱ्या समितीचा शब्द. पुढची सूचना मिळेपर्यंत एकही सामना नाही. मोठ्या लीगसाठी पंचांची यादी मंगळवारी १० मार्चला लागणार आणि त्यात तिचं नाव जवळजवळ पक्कं होतं. चार वर्षं झिजली आहे त्यासाठी. आठवडाभर शाळेत खेळाच्या बाई, शनिवार-रविवार उन्हात रेषेवर.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गेलो. ती पोरांनी टाकलेले प्लास्टिकचे कोन गोळा करत होती, एकात एक घालून. मी विचारलं, सामना बघायला समितीतलं कोण आलं होतं?

"कुणी नाही. अध्यक्षांनी कार्यक्रम बघितला."

"कार्यक्रम? कार्यक्रमावरून ठरवतात?"

"चित्र आहे ना त्यांच्याकडे. रेघ मारलेलं." मग कोन हातात तसेच धरून म्हणाली, "मला अजूनही तो गडी बरोबरीतच दिसतो. रोज डोळे मिटून बघते. बरोबरीतच. म्हणजे मग माझे डोळेच…"

मी म्हटलं, कप्तानाचं थोबाड फोडतो उद्याच.

"काडेपेटी, खाली बस."

कॉलेजपासून हेच नाव आहे माझं तिच्या तोंडी. दुसऱ्या वर्षी हजेरीवरून सरांशी भांडलो, हजेरीपट त्यांच्या टेबलावर फेकला आणि निघालो तो कायमचाच. फाटकापाशी हीच उभी होती. म्हणाली होती, "रागाने बाहेर पडता येतं रे. आत येता येतं का?" चार वर्षं झाली. अजून उत्तर सापडलेलं नाही. आणि चार वर्षांत तिला जे एक वाक्य सांगायचं आहे तेही सांगितलेलं नाही. भांडायला तोंड आहे, त्याला नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कप्तानाला खोटं पाडायचं म्हणून आज मूळ चित्रण उघडलं.

लिहू का? लिहितो. इथे तरी.

ऑफसाइड बघताना चित्र कुठे थांबवायचं याचा एकच नियम आहे — पास देणाऱ्याच्या पायातून चेंडू सुटतो त्या क्षणी. पुढे नाही, मागे नाही. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे फ्रेम. एका चित्रात धावणारा माणूस फूटभर पुढे सरकतो. पहिल्याच दिवशी शिकवतात हे.

माझ्या चित्रात चेंडू बुटापासून दोन हात लांब आहे. दोन हात! ढळढळीत! दोन फ्रेम मागे गेलो — चेंडू बुटाला टेकलेला. आणि पुढचा गडी बचाववाल्याच्या खांद्याला खांदा. बरोबरीत. ती बरोबर होती.

मग मी दोन फ्रेम पुढे का थांबवलं?

बरोबर फ्रेममध्ये मधल्या एका खेळाडूचं कोपर तिच्या चेहऱ्यावर आलंय. दोन फ्रेम पुढे कोपर बाजूला होतं आणि ती अख्खी दिसते. टोपीतून सुटलेले केस, डोळे रेषेवर, ओठ घट्ट. छान दिसत होती. म्हणून तिथे थांबवलं. चेंडूकडे बघितलंच नाही! वाटलं होतं, आज ती मोठ्या पडद्यावर येणार, सगळे म्हणणार, वा.

रेघ कप्तानाने ओढली. कागद मीच पुरवला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

कुणाला सांगितलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

कालच्या कार्यक्रमात तेहतीस मिनिटं पंचांवर. मोजायला नको होती. मोजायचा हक्क उरलाय का मला?

इतके दिवस सरांवर चिडलो, बाबांवर चिडलो, निवेदकाच्या हसण्यावर चिडलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फक्त चोर रोज सकाळी दात घासताना समोर आरशात असतो.

मूळ चित्रण पंधरा दिवस ठेवतात. येत्या रविवारी ते आपोआप पुसलं जाईल. मग जगात फक्त लाल रेघ उरेल. गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नाही. तिलाही नाही. ती जन्मभर डोळे मिटून बघत बसेल.

सोमवार, १६ फेब्रुवारी

प्रोड्यूसर बाईंना सांगितलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून. फक्त चेहऱ्याचं गाळलं.

त्यांनी नीट बघितलं. चष्मा काढला, घातला. "हं. चूक आहे."

"मग शनिवारी सांगू या ना कार्यक्रमात."

"अरे, लोक विसरले ते."

"समिती विसरलेली नाही."

"बघू. त्यावर येऊ."

माझ्या हातात पाणी भरलेला ग्लास होता. ठेवला. हळूच ठेवला! मग तिथेच बसून समितीला पत्र लिहिलं. थांबवण्यात चूक माझी, नाव माझं, सही माझी. दोन्ही चित्रं जोडली. बाईंना म्हटलं, विचारून पाठवतोय असं नाही, सांगून पाठवतोय. त्या म्हणाल्या, "नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली." एरवी हे वाक्य मी ओरडून म्हणतो. आज म्हटलं आणि पत्र पाठवलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

तिला सांगितलं. सगळं. कोपर, केस, सगळं. चार वर्षं अडकलेलं ते वाक्य अशा वेळी, असं बाहेर पडलं. चुकीच्या कबुलीत गुंडाळून.

ती मैदानाकडे वळली. पोरं चेंडूवर तुटून पडली होती, वीसच्या वीस एकाच ठिकाणी.

मग म्हणाली, "म्हणजे मी छान दिसत होते म्हणून मी चुकले?"

मी हो म्हटलं.

"आठ दिवस मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवतेय. ठाऊक आहे तुला?"

"माफ कर."

"पत्र पाठवलंस ते चांगलं केलंस. ते तू करणारच होतास, भडक असलास तरी खोटा नाहीस." शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. "पण एक ऐक. मला तुझी बाजू नकोय. माझ्या बाजूने असलेला माणूस मला रेषेवर काय कामाचा? तू माझ्याकडे बघू नकोस. चेंडूकडे बघ."

"आणि ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?" म्हणाली आणि पोरांच्या अंगावर ओरडत निघून गेली. "अरे पांगा! पांगा जरा!"

तिला कळलं होतं. कान लाल झाले होते.

शनिवार, २१ फेब्रुवारी



कार्यक्रमाआधी मेकअपच्या खोलीत गोलकीपरना गाठलं. त्यांना अर्धी पावडर लागली होती, अर्धा चेहरा तसाच. दोन्ही चित्रं दाखवली. बघून म्हणाले, "आम्ही तिघं बसलो होतो रे. मिळून शंभर वर्षांचा खेळ. एकानेही विचारलं नाही चेंडू कुठे आहे!"

"समितीचं उत्तर नाही आलं अजून."

"तू तयार ठेव," म्हणाले.

तिसऱ्या भागात, निवेदक दुसऱ्याच एका पंचाच्या पेनल्टीवर घसरत होता तेव्हा, गोलकीपर मध्येच — "थांबा. दोन आठवड्यांपूर्वीची ती ऑफसाइडची फ्रेम लावा जरा."

"त्यावर येऊच, सर—"

"नाही. आत्ता. आणि दोन फ्रेम मागे घ्या."

हेडफोनमध्ये बाईंचा आवाज, "लावू नकोस." मग हळू, "...लाव."

मी कळ दाबली. मोठ्या पडद्यावर चेंडू बुटाला टेकलेला. गडी बरोबरीत. तिच्या चेहऱ्यावर कोपर.

गोलकीपर म्हणाले, "थांबवणाऱ्याची चूक झाली, त्याने कबूल केली. पण त्या चित्रात चेंडू दोन हात लांब होता, हे आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही. कारण आम्ही खेळ बघत नव्हतो. पंच शोधत होतो. त्या बाई बरोबर होत्या. आणि आता तरी बघा — डावा बॅक कुठे आहे?"

कुणी हसलं नाही. कप्तान उठला, पडद्याजवळ गेला. वाटलं काहीतरी बोलेल. त्याने रेघ ओढली. सरळ, दोघांच्या खांद्यांना लागून जाणारी. "बरोबरीत," म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला. मग सहा मिनिटं डाव्या बॅकवर बोलले! सहा! कप्तान काय सुरेख बोलतो खेळावर बोलला तर. कुणी विचारतच नाही त्याला.

रविवार, २२ फेब्रुवारी

बाबांनी कार्यक्रम बघितला होता. सकाळी दुकानात बोलावलं. मला वाटलं, आता परीक्षा निघणार.

"तो थांबवणारा म्हणजे तू?"

"हो."

खूप वेळ एकच काच पुसत राहिले. "म्हणजे नंबर तुझाच काढायला हवा होता." मग काच ठेवून, "टीव्हीवर सांगितलं, की चूक कबूल केली म्हणून. आईने दोनदा विचारलं, आपल्याच मुलाबद्दल बोलतायत ना?"

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

समितीचं पत्र. तिची 'विश्रांती' संपली. मला ऑफिसकडून लेखी ताकीद, नोकरी आहे. तिने फोनवर एवढंच सांगितलं, "सातला सामना आहे. रेषेवर मी." यादी त्यानंतर तीन दिवसांनी.

शनिवार, ७ मार्च

पुन्हा तिची रेषा. पुन्हा गोल. झेंडा खाली.

फक्त चेंडू बघितला. तो बुटातून सुटला तिथे थांबवलं. पुढचा गडी फूटभर पुढे. या वेळी ती खरंच चुकली होती.

दोन फ्रेम मागे गेलो असतो तर तो बरोबरीत दिसला असता. चेंडू तिथेही बुटाजवळच होता. कुणाला कळलं नसतं. मंगळवारी यादी आहे.

पाठवली. फ्रेम होती तीच.