तापल्यावर सुटणारा गिअर

४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. हल्ली माझी पाठ धरते, तेव्हा साष्टांगातलं एखादं अंग कमी धर.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून पत्रच बरं. नवी गाडी आली. राखाडी रंगाची, आपोआप गिअर बदलणारी. काचबिंदूने यांच्या नजरेच्या कडा गेल्यापासून घरात गाडी चालवायला मीच उरले, आणि या वयात क्लचचा आणि माझा काही मेळ बसेना. हे गाडीत मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसतात. जन्मभर औषधं विकत गावोगाव गाडी हाकलेला माणूस, पण रस्त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. चार शब्द ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पण गाडी काही धड नाही. वळणावर वेग कमी करून पुन्हा पाय दिला की क्षणभर काहीच होत नाही. इंजिन नुसतं गुरगुरतं, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका बसतो. शोरूमच्या सर्व्हिस विभागात नेली. तिथल्या सल्लागाराचं नाव मी ‘मधाचं बोट’ ठेवलं आहे. त्याचं म्हणणं, गिअरबॉक्स नवा आहे, तो अजून माझ्या पायाची सवय शिकतो आहे. मी म्हटलं, मी शिकतेय, गाडीही शिकतेय, मग आमच्यात मास्तर कोण? तो गोड हसला आणि कॉफी मागवली.

घरी येऊन यांना विचारलं, तर म्हणाले, तू पाय धसकन देतेस. संपलं.

तुझे दात कसे आहेत? दाताच्या डॉक्टरला हे विचारायला मला फार आवडतं. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ठकू

१३ फेब्रुवारी

चि. ठकूस,

अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसलो. बाई, नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत दिसते. लहानपणी शिवणयंत्र चालवायला बसायचीस तेव्हाही दोरा तुटला की दोष दोऱ्याचाच असायचा. भावोजींनी इतकी वर्षं गाडी चालवली आहे. ते म्हणतात पाय जड, तर असेलही. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा ठेवून बघ.

माझे दात माझेच आहेत, पण त्यांतला एक दाढेचा शेजारी सध्या रुसला आहे. दवाखाना बंद केल्यापासून दुसऱ्यांच्या तोंडात डोकवायला मिळत नाही, म्हणून आरशात स्वतःच्याच बघतो. वेळ बरा जातो.

भावोजींना नमस्कार. माझ्या थट्टेचा राग धरलास तर तोही पत्रानेच कळव.

तुझा
दादा

२ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. राग धरला आहे, तो या पत्राने कळवते.

मी रोज सकाळपासून लॅबमध्ये लोकांच्या शिरेत सुई घालते. हात हलका म्हणून रडकी मुलं माझ्याकडे धाडतात. हात एवढा हलका आणि पाय तेवढा जड, हे कुठलं शरीरशास्त्र? तुझी अंगणाची म्हण मी यांना वाचून दाखवली नाही. ते हसले असते, आणि ते मला नको होतं.

गाडी पुन्हा दाखवली. त्यांनी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी कागद दिला की दोष आढळला नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर चालवा. मेकॅनिक मला शेजारी बसवून वर्कशॉपभोवती फिरवून आला. गाडी शहाण्या मुलीसारखी चालली. उतरल्यावर मधाचं बोट म्हणालं की मॅडम, एकदा साहेबांनाच चालवून बघू द्या, म्हणजे लगेच कळेल. साहेब तेव्हा माझा दंड धरून शेजारीच उभे होते. काळा चष्मा होता, त्यामुळे त्याच्या लक्षात आलं नसावं. यांची दंडावरची पकड घट्ट झाली. घरी आल्यावर जेवले नाहीत, आणि पोट ठीक नाही असं सांगितलं.

एक मात्र मी ताडलं आहे. सकाळी लॅबला जाताना गाडी बरी असते. दुपारी गर्दीतून, उन्हातून चालवून आणली की मगच तिचं अंगात येणं सुरू होतं.

राग अजून आहे. लोभ त्याच्या खाली आहे, शोधलास तर सापडेल.

तुझी
ठकू

९ मार्च

चि. ठकूस,

अ. उ. आ.

म्हण मागे घेतो. अंगण वाकडं असू शकतं.

तू शेवटी जे लिहिलंस तेच महत्त्वाचं आहे. माझे अर्धे रोगी खुर्चीत बसले की म्हणायचे, डॉक्टर, आता दुखत नाही. मग मी त्यांना थंड पाण्याची चूळ भरायला लावायचो आणि ते खुर्चीतून उडायचे. तुमच्या गाडीला थंडाने नाही, तापल्याने कळ येते. तेव्हा भर दुपारी तासभर गर्दीत फिरव, आणि इंजिन बंद न करता तडक सर्व्हिसवाल्यांच्या दारात ने.

भावोजींबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांना काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

तुझा
दादा

१८ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. आधी सांगते, आम्ही दोघं धड आहोत. आता नीट बसून वाच.

तू सांगितलंस तसं केलं. भर दुपारी बाजारातून, पुलावरून गाडी फिरवली आणि सर्व्हिस विभागाकडे निघाले. वाटेत मोठा चौक लागतो. दिवा हिरवा झाला, मी निघाले, आणि चौकाच्या बरोबर मधोमध गाडीने अंग टाकलं. इंजिन ओरडत होतं, चाकं जागची हलत नव्हती. हिसकासुद्धा आला नाही. तेवढ्यात बाजूचा दिवा बदलला आणि तिकडची वाहनं सुटली.

मी नुसती पाय दाबत बसले. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. हे उतरले, गाडीवर हात टेकत पुढे गेले आणि येणाऱ्या वाहनांच्या बाजूला तोंड करून, दोन्ही हात वर करून उभे राहिले. अगदी ताठ. तिथूनच ओरडले की घाबरू नकोस, इंजिन बंद कर, मग चालू कर. मी केलं. गाडीने गिअर धरला. एक भला मोठा ट्रक यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. मी खाली उतरून यांना हाताला धरून आत बसवलं. पुढच्या सीटवर, कारण ते दार जवळ होतं.

सर्व्हिस विभागात मधाचं बोट पुढे आलं. यांनी त्याला बाजूला सारून थेट व्यवस्थापकाला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, माझी नजर गेली आहे, तेव्हा मी गाडी चालवणार नाही. ही चालवेल. तुम्ही हिच्या शेजारी बसा, मी मागे बसतो, आणि पुन्हा तसं होईपर्यंत आपण फिरू. अंधार पडला तरी चालेल. आणि म्हणाले की हिच्या पायात काही खोट नाही. मी इतके दिवस मागे बसून कानांनी तेच तपासत होतो. आधी इंजिन गाडी न ओढता नुसतं गुरगुरतं, हिचा पाय जोरात पडतो तो नंतर. मीही पहिल्यांदा हिलाच बोल लावला, तो माझा गाढवपणा.

लाकडाच्या वखारीपाशी गाडीने पुन्हा अंग टाकलं. व्यवस्थापकाने दोन्ही हातांनी समोरची फळी धरली. गाडी ठेवून घेतली आहे. कंपनीचा इंजिनिअर येऊन गिअरबॉक्स उघडणार आहे.

संध्याकाळी चहा घेताना यांनी मला सहज विचारलं की चौकात समोर आली ती बस होती का ट्रक.

म्हणजे समोरचंही यांना दिसलं नव्हतं. मी म्हटलं, ट्रक. ते म्हणाले, वाटलंच, आवाज जड होता.

तुझी
ठकू

२५ मार्च

चि. ठकूस,

अ. उ. आ.

पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. तासभर फिरव असं मी इथे खुर्चीत बसून लिहिलं आणि तुम्ही तिथे चौकात अडकलात. पत्र आल्यापासून मला धड झोप नाही.

भावोजींना माझा नमस्कार सांग. नेहमीचा नव्हे, उठून उभं राहून केलेला. गाडी बरी झाली की दोघं इकडे या. तो रुसलेला दात मी काढून घेतला, तेव्हा जेवायला सोबत देऊ शकेन.

तुझा
दादा

३० एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. आम्ही सुखरूप घरी पोचलो. तुझ्याकडचे ते दिवस बरे गेले. तुम्ही दोघांनी मिळून माझी जी टिंगल केलीत, तिचा हिशेब पुढच्या खेपेला.

इंजिनिअरचं म्हणणं मी तुला ओरडून सांगितलं होतं, तरी लिहून ठेवते, कारण तू मान डोलावलीस ती भलत्याच ठिकाणी. गिअरबॉक्समधली तेलाची एक झडप तापली की अडकत होती. सबंध गिअरबॉक्स बदलून दिला. व्यवस्थापक स्वतः गाडी घेऊन घरी आला आणि यांच्याशी बराच वेळ बोलत बसला. मधाच्या बोटाने माझी माफी मागितली. ती गोड नव्हती, त्यामुळे खरी असावी.

परतीच्या वाटेवर घाट चढताना, उतरताना, एकदाही गिअर सुटला नाही. यांना दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत झोप म्हणून येत नाही. बसमध्ये नाही, स्वतःच्या भावाच्या गाडीत नाही, लग्नाच्या वरातीतसुद्धा ड्रायव्हरला सूचना चालल्या होत्या. घाट उतरल्यावर मी काहीतरी विचारलं, तर उत्तर नाही. बघते तर मान खिडकीला टेकलेली, तोंड जरा उघडं, आणि बारीक घोरणं.

मी बाकीची सगळी वाट हॉर्न न वाजवता काढली. दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि ते आपणहून जागे होईपर्यंत तशीच बसून राहिले.

लोभ जसा आहे तसाच असू दे.

तुझी
ठकू