उटाचं जातं

१२ जानेवारी १९६३, दारव्ह्याजवळ

हुश्श! संपला एकदाचा दिवस. रस्त्याच्या श्रमदान शिबिरातली उटा जर्मन, मोनिक फ्रेंच. महायुद्धात दोघींचे बाप एकमेकांविरुद्ध लढलेले. आता या पोरी तिकडं एकमेकींच्या गावी शिबिरं भरवतात, "आम्ही युरोपच्या" म्हणतात. इथं त्या आमच्या घरी उतरल्यात, बौद्ध वस्तीत. गावानं कान भरले, तर राहतील?

संध्याकाळी पाटील आलेच. दुभाषी मी, पण मला तोंडच उघडू दिलं नाही.

"बाई, तुमची जात कोनती? इथं कायले राह्यता? आमच्या घरी चाला."

उटाला कळला तो एकच शब्द, 'जात'. म्हणजे कळला असं तिला वाटलं. सकाळीच आईनं दोघींना जात्याशी समोरासमोर बसवलं होतं, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि ज्वारी दळताना शिकवलं होतं, "हे जातं."

उटा खुलली. मोनिकचा हात धरून तिनं ओसरीवरच्या जात्याकडं बोट दाखवलं. "जातं हे! दोघींचं एक!"

पाटील जात्याकडं बघतच राहिले, मग निघून गेले. आई भाकरी थापायला बसली.

दुभाषी म्हणून मी चूक सांगायला हवी होती का? कायले सांगू?