पाटीवरचं सातवं वचन

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सप्रेम सलाम. वि. वि.

शिवणाचं दुकान सोमवारी पुन्हा उघडणार, असं तुझं पत्र आलं आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. तापाने तुझी लेक गेली तेव्हापासून तू मशीनवरचं फडकंही काढलं नव्हतंस, असं दाजी सांगत होते. बटणांच्या डब्यात हात घालून बसलेली ती पोर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मीच तिला 'बटण' म्हणायला लागलो, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

सोबत एक पाटी पाठवतो आहे. आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, या अर्थाचं बायबलातलं वचन. माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतं. नवं दुकान काढणारा जो तो हेच रंगवून मागतो. तुझ्यासाठी अक्षरं पिवळी केली आणि खाली अध्याय-वचनाचा आकडा बारीक ब्रशने घातला. आकडा असला की पाटी भरल्यासारखी दिसते.

मला यायला जमणार नाही. शाळेच्या भिंती रंगवायच्या आहेत, आणि खरं सांगू का, तुझ्यासमोर काय बोलावं तेच सुचत नाही. पाटीच बोलेल.

लोभ आहेच, तो असाच मुरत राहो.
तुझा,
धाकटा

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाटी पोचली. अक्षर वळणदार आहे, ह्यांनी लगेच खिळा ठोकला. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी म्हटलं, हे वचन आहे तरी कुठलं, म्हणून बायबल काढलं. ईयोबाचं पुस्तक, आठवा अध्याय. तू सातवं वचन रंगवलंस, मी चौथ्यापासून वाचलं. ईयोबाची मुलं वादळात घर कोसळून मेली आहेत, आणि समोरचा त्याला समजावतो की मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ देवाने त्यांच्या पदरात घातलं. त्यानंतर तुझं ते गोड वचन येतं.

सासूबाई पहिल्यापासून हेच म्हणतात. मी रविवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, शिवत बसायचे म्हणून त्याने पोर नेली. या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होते. आता पुस्तकच त्यांच्या बाजूने उभं राहिलं, आणि ते माझ्या भावाने धाडलं. तू मुद्दाम केलं नसशील. रविवारच्या शाळेत तू कसा पेंगायचास ते मी पाहिलंय. पण मग देवानेच ते तुझ्या हातून पाठवलं असेल, असं मनात येतं. तिला ताप चढला तो रविवारच होता. मी एका नवरीचा झगा पुरा करत होते.

सोमवारी कुलूप काढलं नाही. मशीनला गिऱ्हाईक बघा, असं ह्यांना सांगितलंय. तू सध्या येऊ नकोस.

माया आटलेली नाही, पण आज ती मागू नकोस.
ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ते वचन विकतोय आणि एकदाही पुस्तक उघडलं नाही. उचलला ब्रश, लावला पाटीला.

तसाच आपल्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांकडे गेलो. त्यांनी पेन्सिल दिली. म्हणाले, वचन हातात घेण्याआधी बोलतंय कोण, कुणाशी आणि काय घडल्यावर, ते बघ. समासात बोलणाऱ्याचं नाव लिहीत जा, आणि शेवटचं पान आल्याशिवाय उठू नकोस. अर्ध्या रंगवलेल्या भिंतीखाली बसून वाचलं. माझं डोकं ते केवढं, सारखं मागे जावं लागत होतं.

ताई, ते बोलणं देवाचं नाही. ते ईयोबाच्या सांत्वनाला आलेल्या मित्रांपैकी बिल्दद नावाच्या एकाचं आहे, चौथं वचनही आणि सातवंही. बायबलात छापलंय म्हणून ते देवच बोलला, असं होत नाही. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. जो ईयोब पुस्तकभर देवाशी भांडतोय, तो! आणि तो निर्दोष आहे, हे तर पहिल्याच अध्यायात सांगितलंय. सासूबाईंना हे वाचून दाखव. तुला होत नसेल तर मी दाखवतो.

मित्रांनी एकच गोष्ट नीट केली. आल्यावर सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, चकार शब्द न काढता. मी नेमकं उलटं केलं. आलो नाही, आणि बोललो. ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हाच देवाने त्यांना सोडलं. माझ्यासाठी तेवढी कर. मशीन विकू नकोस.

रागावलीस तरी चालेल, परकी होऊ नकोस.
धाकटा

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मीही शेवटपर्यंत वाचलं. स्वयंपाकघरात, मोठ्याने. सासूबाई भाजी निवडत होत्या. देव मित्रांवर रागावतो तिथे त्यांचे हात थांबले. तेवढं पुन्हा वाच, म्हणाल्या. वाचलं. मग भाजी तशीच टाकून आत गेल्या. तेव्हापासून रविवारचा विषय काढलेला नाही. डोळे मात्र सुजलेले असतात. त्यांचीही ती नातच होती, हे मी विसरले होते.

पण सगळं मिटलं असं समजू नकोस. शेवटी ईयोबाला पुन्हा तितकीच मुलं होतात. आधीच्यांचं काय, ते कुणी विचारत नाही. मी पान उलटलं, तर पुढे दुसरंच पुस्तक सुरू झालं. मला याचा राग येतो, धाकट्या. पाळकांना विचार, हा राग समासात कुणाच्या नावाने लिहायचा.

मशीन अजून घरातच आहे. गिऱ्हाईक आलं होतं. ह्यांनी पट्टा तुटलाय असं खोटंच सांगून त्याला वाटेला लावलं. प्रार्थना म्हणशील तर अजून ओठांवर येत नाही, तुझ्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. तेव्हा तूच ये. माझ्याजवळ बस. बोलू नकोस. तुला ते जमायचं नाही, पण बघ.

जी काही माया उरली आहे ती तुझीच.
ताई

ता. क. ब्रश आण. पाटी मी उलटी करून ठेवली आहे, मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर पिवळ्या रंगात 'बटण' लिही. दुकानाचं नाव तेच ठेवणार आहे. खाली आकडा घालू नकोस.