तीनशे चार मीटरची टेकडी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
ग्वाल्हेरला पोचलो आणि मजेत आहे. सायकल क्लबचे अध्यक्ष दौलतसिंह स्टेशनवर हार घेऊन उभे होते. निवृत्त सुभेदार, पांढऱ्या मिशा, तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून आलेलं शिलेदारांचं घराणं. त्यांचं मराठी दर दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरतं. सिटी सेंटरमधली खोली ऐसपैस आहे, बाड्यावरची, म्हणजे इथल्या जुन्या बाजारचौकातली, बेडई झकास होती; डाळ भरलेली खुसखुशीत पुरी.

बाकी हसू आवरत नाही. शहराबाहेरच्या एका टेकडीवर मी यांना सायकलची आणि पायी चढायची वाट आखून द्यायची, रविवारी उद्घाटन. टेकडीची उंची माझ्या घड्याळातल्या नकाशावर तीनशे चार मीटर, तीही समुद्रसपाटीपासून. पायथ्यापासून मोजली तर धड शंभर भरत नाही. लेहमध्ये बारा वर्षं मी ज्या खोलीत झोपलो ती साडेतीन हजार मीटरवर होती. इथं हिला पहाड म्हणतात. म्हणोत बापडे.

४ नोव्हेंबर
क्लबाबरोबर पहिली चढाई. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सात वळणं. निम्मे सभासद तिसऱ्यालाच धापा टाकत होते. त्यातल्या त्यात बरी म्हणजे अंतरा, बाड्यावरच्या बँकेत आहे, वय पंचवीस. वासरात लंगडी गाय शहाणी.

सातव्या वळणावर सगळे पटापट खाली उतरले. हेल्मेट काढलं, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि सायकली हातानं ढकलत पुढे गेले. दौलतसिंहांनी कारण सांगितलं. त्यांच्या पूर्वजांपैकी अकरा स्वार इथं पहिल्यांदा आले तेव्हा हसले होते, आमच्या सह्याद्रीपुढं हे टेकाड काय, म्हणाले, आणि घोड्यावरूनच वर गेले. खालच्या लोकांना ते संध्याकाळपर्यंत चढतानाच दिसत होते. माथ्यावर कुणी पोचलं नाही. तेव्हापासून मराठ्यांच्या घरातला माणूस इथं पायउतार होतो, आणि टेकडीची उंची कुणी बोलून दाखवत नाही. "बस उतरून जायचं, उत्कर्षजी. इतकीशी तर बात आहे."

मी सीटवर बसूनच पुढे गेलो आणि माथ्यावरून उंची ओरडून सांगितली. तीनशे चार. अंतरा हसली, बाकीच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

५ नोव्हेंबर
एकटाच गेलो, वाटेचं माप घ्यायला. मापाच्या नोंदींसाठी ही वहीही खिशात असते. सातव्याला अर्थात उतरलो नाही. माथ्यावर घड्याळात सातशे बारा. घड्याळ बिघडलं असावं. इथलं हवामानही इथल्या माणसांसारखंच, धड काही सांगत नाही.

६ नोव्हेंबर
आज दोन घड्याळं नेली. दोन्हींत एकोणीसशे चाळीस. डोकं दुखतंय, कपाळामागे, लेहच्या पहिल्या आठवड्यात दुखायचं तसं. उन्हामुळे असेल.

अंतरा बरोबर होती. सातव्याला ती थबकली, पाय खाली टेकवणार होती. हे नियम आजीबाईंसाठी असतात, तुला पुढं स्पर्धेत उतरायचंय की भजनी मंडळात, असं मी तिला विचारलं. ती लाल झाली आणि चढवत घेऊन गेली. शाबास म्हणालो. दौलतसिंहांनी संध्याकाळी फोन करून, मुलीला यात ओढू नका, तिची आई एकटी आहे, असं सांगितलं. सुभेदार म्हणे. टेकाडाला घाबरणारा सुभेदार.

७ नोव्हेंबर
आजही गेलो. तीन हजार दोनशे. माथ्यावर शिट्टी वाजवायला गेलो तर दम पुरला नाही. हात गार पडले होते. खाली शहर दिसायला हवं होतं, धुकं होतं. नोव्हेंबरात, अकरा वाजता, धुकं.

अंतराला उद्या जाऊ नको म्हणून सांगावं असं एकदा वाटलं. सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार? मी घाबरलो, असं?

८ नोव्हेंबर, सकाळी ९
अंतरा पहाटे उठून एकटी गेली. मला दाखवून द्यायला. आत्ता तिचा फोन आला होता. घाबरलेली नव्हती, नुसती बुचकळ्यात पडली होती. विचारत होती, सर, हे आठवं वळण तुम्ही कधी काढलं.

मी काढलेलं नाही. निघालो.

९.५०
सातवं. घाईत उतरलो नाही. उतरायला हवं होतं. पुढे आठवं आहे. तिच्या टायरची खूण आहे.

१०.३०
बारावं वळण. ४,१००. टायरची खूण दिसत नाही. परत फिरलो, उतारानं निघालो — उतारावरही आकडा चढतोच आहे. हाका मारतोय. आवाज बाहेर पडत नाही. पोरीला मीच —

११.१५
दौलतसिंहांचा फोन. अंतरा खाली आली. आठव्यालाच उतरली होती, माती लावली, माफी मागितली आणि चालत आली. देवा. मी रडलो. ते म्हणाले, आता तुम्ही उतरा, माफी मागा.
मी म्हणालो, या टेकाडाची?
सवयीनं. तोंडातून गेलं.

वेळ कळत नाही
एकोणिसावं. ५,२००. दगडांवर बर्फ — पुढे घोड्यांच्या टापांचा आवाज — थकलेल्या — वर जातायत, अजून —

पुन्हा फोन. सगळे माथ्यावर उभे आहेत म्हणाले. ऊन आहे. सातही वळणं शोधली, कुणी नाही. मी कुठं आहे विचारतात. मागे अंतरा रडतेय, सर या ना खाली.

उतरलो. सायकल टाकून दिली. हेल्मेट काढलं. माती बर्फाखाली, नखांनी उकरून लावली. गुडघ्यावर बसलोय. माफ कर एवढंच म्हणायचंय, मोठ्यानं — श्वास जमवतोय — जमला की म्हण