चाळीस कॉम्प्युटर, एक कमांड

३ जून, सोमवार
ठरलं. हॉस्पिटलमधले चाळीसही कॉम्प्युटर एका कमांडवर अपग्रेड करायचे. दरवेळी अर्धे होतात, अर्धे रुसून बसतात. ते दिवस संपले. आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, आधी एकाच मशीनवर करून बघा. मॅडमना टेक्निकल कळत नाही.
बाबांची बायोप्सी झाली. रिपोर्ट गुरुवारी, आमच्याच लॅबमधून. म्हणजे घरचंच काम.

४ जून, मंगळवार
स्क्रिप्ट तयार. काही बिघडलं तर आपोआप जुनं व्हर्जन परत यावं, एवढी सोय करायची राहिली. बिघडणारच नाही, तर घाई कशाला?

५ जून, बुधवार. दुपारी १
अडतीस झाले. पंच्याण्णव टक्के यश. मॅडमना मेल टाकला.

दुपारी ४
उरलेले दोन्ही लॅबचे निघाले. नवं सॉफ्टवेअर बसलं, पण त्याला लागणारी एक जुनी फाइल स्क्रिप्टने पुसली. उघडतच नाही. लॅबवाल्या ताई म्हणाल्या, होतं तेच परत घाला. त्यांना समजावलं, मागे जाणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मागे जायची सोयच नाही, हे बोललो नाही.

६ जून, गुरुवार
लॅबसमोर रांग. रांगेत बाबा. एकाने आवाज चढवला, तर बाबा त्याला म्हणाले, माझा मुलगा बघतोय, होईल. मी मागच्या जिन्याने सर्व्हर रूममध्ये गेलो. एसी चांगला आहे तिथला.

७ जून, शुक्रवार
चार वेळा इन्स्टॉल केलं. चारही वेळा नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलं. प्रगती आहे. बायकोने विचारलं, बाबांच्या रिपोर्टचं काही कळलं का तुला. म्हटलं, सिस्टीम सुरू झाली की पहिला तोच काढतो. तिने पुन्हा विचारलं नाही. आमटी अळणी होती. किंवा नसेलही.

८ जून, शनिवार
लॅब सुरू. ताईंच्या कपाटात जुन्या व्हर्जनचा पेन ड्राइव्ह होता. वीस मिनिटांत त्यांनीच घातलं. मी शेजारी उभा होतो. मॅडमना 'टीमवर्क' असं कळवलं.
म्हटलं, आता बाबांचा रिपोर्ट काढा. ताई म्हणाल्या, तो गुरुवारीच दिला, डॉक्टरांनी हाताने लिहून. तुमच्या बाबांनीच बजावलं, त्याला सांगू नका, कामात आहे तो.

९ जून, रविवार
बाबांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, उद्या ॲडमिट व्हायचंय, मंगळवारी ऑपरेशन. फॉर्मवर सूनबाईने सही केली आहे.
मग विचारलं, तुझं ते झालं का?
हो म्हटलं.